मासा गळाला लागला, पण गाठच सुटली तर? फ्लाय फिशिंगमधल्या ‘लूप’ गाठींची गोष्ट

इन्स्टाग्रामवर असे रील्स तुम्ही नक्की पाहिले असतील. डोंगरातली नदी, गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस आणि त्याच्या डोक्यावरून हवेत लाटेसारखी पुढेमागे जाणारी रंगीत दोरी. दोरी अलगद पाण्यावर उतरते, खळबळ होते, मासा उसळी मारतो आणि खाली कमेंट्समध्ये लोक विचारतात, “रॉड कुठला आहे?”

प्रश्न चुकीचा नाही. पण तो मासा हातात येणार की नाही, हे ठरवणारी गोष्ट रॉडपेक्षा खूपच लहान असते, तांदळाच्या दाण्याएवढी. ती म्हणजे गाठ.

आता तुम्ही म्हणाल, गाठ ती गाठ, त्यात समजून घेण्यासारखं काय आहे? भरपूर आहे. या खेळात काही गाठी मुद्दाम अशा मारतात की दोरा गळाला चिकटून न बसता गळाभोवती मोकळी जागा राहील. त्यांना म्हणतात लूप नॉट. ती मोकळी जागा कशासाठी, गाठ नेमकी कशी मारायची आणि ती चुकली तर त्याची किंमत कोण मोजतं, हे आज बघू.

आधी फ्लाय फिशिंग म्हणजे काय ते समजून घेऊ

आपल्याकडे गळ टाकतात तेव्हा दोऱ्याला शिसं बांधलेलं असतं किंवा आमिषाचंच वजन असतं. ते वजन लांब फेकलं की मागून दोरा जातो.

फ्लाय फिशिंगमध्ये हे गणित उलटं आहे. इथे आमिष म्हणजे गळावर पिसं, केस आणि धागा गुंडाळून बनवलेली नकली माशी. तिला वजन जवळपास नसतंच. मग ती लांब जाणार कशी? त्यासाठी दोरीच जड बनवतात. प्लास्टिकचं आवरण असलेली, साधारण ९० फूट म्हणजे २७ मीटर लांबीची ही जाड दोरी चाबकासारखी हवेत फिरवायची. पुढे जाते दोरी, आणि तिच्या टोकाला लागून माशी जाते.

पण इतकी जाड दोरी थेट गळाला बांधता येत नाही. ती गळाच्या भोकातून जाणार नाही आणि मासाही ती बघून पळून जाईल. म्हणून दोरीच्या पुढे साधारण नऊ फुटांचा पारदर्शक दोरा जोडतात. त्याला म्हणतात लीडर. आपल्या कोकणात ज्याला तंगूस म्हणतात, त्याच जातकुळीतला हा दोरा, फक्त एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला निमुळता होत गेलेला. त्याच्याही पुढे सगळ्यात बारीक दोरा, तो टिपेट. आणि टिपेटच्या टोकाला माशी.

टिपेट किती बारीक असतो? त्याचं माप ‘एक्स’मध्ये सांगतात. हिशोब मजेशीर आहे. ११ मधून एक्सचा आकडा वजा करायचा, जे उरेल तितके हजारांश इंच ही दोऱ्याची जाडी. म्हणजे ५ एक्स म्हटलं की ११ वजा ५, सहा हजारांश इंच, साधारण ०.१५ मिलिमीटर. आकडा जितका मोठा, दोरा तितका बारीक.

थोडक्यात जाड दोरी, तिला लीडर, त्याला टिपेट, त्याला माशी अशी ही साखळी आहे. प्रत्येक जोडावर एक गाठ आहे.

सुरगाठ, निरगाठ, फास आणि लूप

गाठींसाठी मराठीत फार नेमके शब्द आहेत. एक टोक ओढलं की सुटते ती सुरगाठ. बुटाची नाडी आठवा. ओढलं तरी सुटत नाही, उलट आणखी आवळते ती निरगाठ. आणि ओढलं की ज्याचा घेर लहान होत जातो तो फास.

लूप नॉट या तिन्हींच्या मधली आहे. तिची गाठ निरगाठीसारखी पक्की असते. पण तिच्या पुढे दोऱ्याची एक बंद कडी राहते, आणि ताण आला तरी त्या कडीचा घेर फासासारखा आवळत नाही. पाच मिलिमीटरची कडी बांधली तर मासा ओढत असतानाही ती पाच मिलिमीटरचीच राहायला हवी.

बांधकामावर, बोटीवर किंवा गिर्यारोहणात ज्यांनी ‘बोलाईन’ नावाची गाठ पाहिली असेल, त्यांना हे लगेच कळेल. कल्पना तीच, फक्त इथे दोरखंडाऐवजी केसाएवढा गुळगुळीत दोरा आहे आणि दोरखंडावर चालणारी गाठ त्यावर घसरू शकते. म्हणून इथल्या गाठी वेगळ्या.

पण कडी सोडायचीच कशाला?

याला दोन कारणं आहेत, आणि ती साखळीच्या दोन वेगळ्या टोकांना लागू होतात.

पहिलं कारण माशीच्या टोकाचं. मोठ्या माशांसाठी लहान मासळीसारखी दिसणारी नकली माशी वापरतात, तिला स्ट्रीमर म्हणतात. तिच्यासाठी दोरा जरा जाड आणि ताठ लागतो. हा ताठ दोरा गळाच्या भोकाला आवळून बांधला तर माशी दोऱ्याशी जखडली जाते. पाणी तिला डावीकडे ढकलतं, पण दोरा तिला सरळ धरून ठेवतो. ती पाण्यात काडीसारखी ओढली जाते. आणि मेलेल्या काडीवर मासा कशाला झडप घालेल?

तेच कडी ठेवली तर गळाचं भोक त्या कडीत बिजागरीसारखं फिरतं. प्रवाहाच्या प्रत्येक धक्क्याला माशी मान हलवते, बुडते, वर येते. दोरा तोच, माशी तीच, फरक फक्त गाठीचा.

म्हणजे प्रत्येक माशीला लूपच बांधायचा का? तर नाही. पाण्यावर तरंगणाऱ्या चिमुकल्या माशीसाठी टिपेट इतका बारीक आणि लवचिक असतो की आवळून मारलेल्या गाठीनेही तिचं काही अडत नाही. उलट तिथे लूपचा जादा पसारा नकोच. जाड दोरा आणि हलती माशी, तिथे लूप, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

दुसरं कारण मागच्या टोकाचं, जिथे जाड दोरी आणि लीडर एकमेकांना भेटतात. हल्ली बहुतेक जाड दोऱ्यांच्या टोकाला कंपनीतूनच कडी करून मिळते. लीडरच्या जाड टोकालाही एक कडी बांधली की दोन कड्या एकमेकींत अडकवून काम झालं. लीडर बदलायचा असेल तर कात्री लागत नाही. थंड पाण्यात उभं राहून, बधिर बोटांनी गाठ मारण्यापेक्षा हे किती सोपं, याची कल्पना तुम्हीच करा.

आता तीन गाठी, एकेक करून

वाचताना बुटाची नाडी किंवा जाड सुतळी हातात घ्या. बारीक दोऱ्यावर सुरुवात केली तर काहीच दिसणार नाही आणि चिडचिड होईल. पुढे ‘मूळ दोरा’ म्हणजे रॉडकडून येणारा भाग आणि ‘सुटं टोक’ म्हणजे ज्याने आपण गाठ मारतोय ते.

१. सर्जन्स लूप. सगळ्यात सोपी.

दोऱ्याचं टोक दुमडून दुहेरी करा. त्या दुहेरी दोऱ्याची साधी गाठ मारा, पण आवळू नका. आता दुमडलेलं टोक त्याच गाठीतून आणखी एकदा फिरवून काढा. दोरा ओला करा. एका हाताने कडी आणि दुसऱ्या हाताने मूळ दोरा व सुटं टोक दोन्ही एकत्र धरून सावकाश ओढा. झाली गाठ.

ही शिकायला दोन मिनिटं पुरतात आणि ती भरवशाची आहे. तिची अडचण एवढीच की गाठ जरा जाडसर होते आणि कडी मूळ दोऱ्याच्या अगदी रेषेत बसत नाही, किंचित तिरकी राहते.

२. परफेक्शन लूप. लीडरच्या जाड टोकासाठी सगळ्यात देखणी. कडी मूळ दोऱ्याच्या सरळ रेषेत येते.

सुटं टोक मूळ दोऱ्याच्या मागून नेऊन एक कडी करा आणि जिथे दोरे एकमेकांना ओलांडतात तिथे चिमटीत धरा. आता सुटं टोक या पहिल्या कडीच्या पुढून फिरवून परत मागे न्या. पहिल्या कडीच्या पुढ्यात दुसरी, लहान कडी तयार होईल. आता सुटं टोक दोन्ही कड्यांच्या मधून आडवं घाला आणि तिथेच दाबून धरा. शेवटी पहिल्या कडीतून मागच्या बाजूने बोटं घालून पुढची लहान कडी पकडा आणि ती पहिल्या कडीतून मागे ओढून घ्या. सुटं टोक मध्ये अडकून राहिलं पाहिजे. ओलं करा, आवळा.

गाठ बरोबर बसली की सुटं टोक काटकोनात बाहेर आलेलं दिसतं. हीच तिची ओळख. अमेरिकन लेखक क्लिफर्ड अ‍ॅशली यांच्या १९४४ च्या प्रसिद्ध गाठींच्या कोशातही ही गाठ ‘अँगलर्स लूप’, म्हणजे गळ टाकणाऱ्याचा लूप, या नावाने आहे. ही गाठ एकदा आवळली की सुटत नाही. जाड दोरखंडासाठी हा दोष आहे, पण मासेमारीच्या दोऱ्यासाठी तोच गुण ठरतो.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. ही गाठ आधी कडी बनवते, मग तुम्ही ती कशाला तरी अडकवता. म्हणून बंद भोकाच्या गळाला ती थेट बांधता येत नाही. माशीसाठी तिसरी गाठ लागते.

३. नॉन-स्लिप लूप. माशीसाठीची गाठ. अमेरिकेतले नामवंत फ्लाय फिशिंग शिक्षक लेफ्टी क्रे (१९२५ ते २०१८) यांनी ती लोकांपर्यंत पोचवली.

टोकापासून वीतभर अंतर सोडून एक साधी गाठ मारा, पण उघडी ठेवा. सुटं टोक गळाच्या भोकातून ओवा. आता ते परत त्या उघड्या गाठीतून न्या. इथे बहुतेकांचं चुकतं. टोक गाठीच्या ज्या बाजूने बाहेर आलं होतं, त्याच बाजूने आत गेलं पाहिजे. आता उघडी गाठ गळाच्या जवळ सरकवा. तुमच्या कडीचा आकार इथेच ठरतो, नंतर बदलता येत नाही.

मग सुटं टोक मूळ दोऱ्याभोवती गुंडाळा. अगदी बारीक दोऱ्याला सात वेढे, मध्यमाला पाच किंवा चार, जाडजूड दोऱ्याला तीन किंवा दोन. दोरा जितका जाड, वेढे तितके कमी, कारण जाड दोऱ्याचे जास्त वेढे नीट बसतच नाहीत. वेढे झाले की सुटं टोक परत त्याच उघड्या गाठीतून काढा, आणि पुन्हा नियम तोच. ज्या बाजूने बाहेर आलं, त्याच बाजूने आत.

ओलं करा. आधी सुटं टोक हलकेच ओढून वेढे एकमेकांना चिकटू द्या. मग कडी आणि मूळ दोरा विरुद्ध दिशांना सावकाश, पण पूर्ण जोर लावून ओढा.

दोन कड्या अडकवण्यातही चूक होते

लीडरची कडी जाड दोरीच्या कडीवर चढवा. मग लीडरचं दुसरं, बारीक टोक जाड दोरीच्या कडीतून ओवून सगळा लीडर ओढून घ्या. आता जोड नीट बघा. दोन्ही कड्या एकमेकींचे हात धरल्यासारख्या, सारख्या आकारात गुंतलेल्या दिसल्या पाहिजेत.

पण ओढताना एक कडी दुमडली, तर आपण किल्लीच्या जुडग्याला दोरी अडकवतो तसा आकार होतो. मग बारीक दोरा जाड दोरीच्या आवरणात रुततो आणि ते कापत जातो. शंका आली तर सैल करून परत ओढा. दहा सेकंदांचं काम आहे.

गाठ मारताना दोरा ओला का करायचा?

प्रत्येक पायरीत ‘ओलं करा’ आलं, ते उगीच नाही.

सरळ दोऱ्यावर ताण सगळीकडे सारखा पडतो. गाठीत दोरा वाकतो, स्वतःवरच दाबला जातो आणि ताण एका बिंदूवर गोळा होतो. म्हणून चांगल्या गाठीनेही दोऱ्याची ताकद थोडी कमी होतेच. त्यात कोरडी गाठ झटक्यात आवळली तर दोरा दोऱ्यावर घासतो, घर्षणाने तापतो आणि नायलॉनचा पृष्ठभाग खरवडला जातो. भिंगातून पाहिलं तर तिथे दोरा कुरळा किंवा पांढुरका झालेला दिसतो. अशी गाठ दिसली की सरळ कापून नवी मारायची. मन मोठं करून ‘चालेल’ म्हणायची जागा ही नाही.

ओलं करायची सवय नायलॉनच्या आधीपासूनची आहे. १९३८ मध्ये अमेरिकेच्या ड्यूपॉन्ट कंपनीने नायलॉन जगासमोर आणलं. त्याआधी लीडरसाठी घोड्याच्या शेपटीचे केस वापरत, आणि नंतर रेशमाच्या किड्याच्या रेशीमग्रंथी ताणून बनवलेला ‘गट’ नावाचा दोरा. हा गट कोरडा असताना इतका ठिसूळ असे की पाण्यात भिजवून मऊ केल्याशिवाय गाठ मारली तर तुटायचा. साहित्य बदललं, पाणी लावायचा नियम राहिला. आज त्याचं कारण मात्र घर्षण हे आहे.

खरा प्रश्न: तुटायचंच असेल तर कुठे तुटावं?

गाठीची चर्चा बहुतेक वेळा ‘सगळ्यात मजबूत गाठ कोणती’ इथेच थांबते. पण मोठा मासा, धारदार खडक आणि वेगवान प्रवाह एकत्र आले की कधी ना कधी काहीतरी तुटणारच. तेव्हा महत्त्वाचं हे की तुटलं कुठे.

माशीजवळ तुटलं, तर माशाच्या ओठात एक लहान गळ राहतो. वाईटच, पण गळ काटेरी दातरा नसलेला असेल तर तो निसटण्याची शक्यता बरीच असते. आता समजा मागची, लीडरच्या जाड टोकाची गाठ सुटली. मग मासा नऊ फूट दोरा तोंडातून ओढत जातो. तो दोरा एखाद्या मुळाला किंवा दगडाच्या फटीत अडकला की मासा पाण्याखाली दावणीला बांधल्यासारखा अडकतो. त्याला खाता येत नाही, पळता येत नाही. आणि हे काठावरच्या माणसाला दिसतही नाही. तो मित्रांना सांगत असतो, “फार मोठा होता, सुटला!”

म्हणून या साखळीत एक साधी शिस्त आहे. मागच्या गाठी सगळ्यात पक्क्या, आणि सगळ्यात कमजोर जागा ठरवून पुढे, टिपेटच्या टोकाला. घरातल्या विजेचा फ्यूज आठवा. वायर जळू नये म्हणून फ्यूज उडतो. टिपेट हा या खेळातला फ्यूज आहे, आणि मागची गाठ कच्ची असेल तर तो फ्यूज कामाचाच राहत नाही.

आपल्याकडे याचा काय संबंध?

फ्लाय फिशिंग भारतात इंग्रजांबरोबर आलं. काश्मीरच्या नद्यांमधला ब्राऊन ट्राउट इथला नाहीच, १९०० मध्ये ब्रिटनहून आणलेल्या अंड्यांपासून त्याची पैदास सुरू झाली. पण या खेळात भारताचं स्वतःचं नाव आहे ते महासीरमुळे. खडकाळ, वेगवान पाण्यातला हा ताकदवान मासा गळाला लागला की थेट खडकांकडे धावतो, आणि तिथे प्रत्येक गाठीची परीक्षा होते.

महासीरचं नातं थेट पुण्याशी आहे. दख्खनी महासीरचं पहिलं शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम साईक्स यांनी १८३९ मध्ये केलं, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आणि लोणावळ्यात टाटा पॉवरचं केंद्र १९७० च्या दशकापासून महासीरची पिल्लं तयार करतंय. दक्षिणेत कावेरीच्या खोऱ्यातला पाठीवर उंचवटा असलेला महासीर तर २०१८ पासून आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात आहे.

अशा माशाच्या बाबतीत पकडून परत सोडणं हाच रिवाज आहे. पण ‘सोडून दिला’ या शब्दाला अर्थ तेव्हाच, जेव्हा मासा धड सुटतो. दोरा ओढत गेलेला मासा सुटलेला नसतो. शिवाय कुठल्याही नदीवर जाण्याआधी तिथल्या मत्स्य किंवा वन विभागाची परवानगी लागते का, हे विचारून घ्या. संरक्षित क्षेत्रांमध्ये नियम कडक आहेत.

पाण्यात उतरण्याआधी एवढं करा

गाठ मारल्यावर हाताने ताणून बघा. गळ पक्कडीत किंवा घट्ट वस्तूला अडकवा, डोळ्यांवर चष्मा ठेवा आणि दोरा उघड्या बोटांभोवती गुंडाळून ओढू नका, तो कापतो. सुटायची असेल तर गाठ इथेच सुटू दे.

मासा लागून गेल्यावर किंवा गळ खडकात अडकून निघाल्यावर शेवटचा हातभर दोरा बोटांमधून फिरवा. खरखरीत लागला तर कापा आणि नवी गाठ मारा.

आणि कापलेले तुकडे खिशात टाका. नायलॉन कुजत नाही. नदीकाठी पडलेला दोरा पक्ष्यांच्या पायात गुंततो, आणि तो सोडवायला तिथे कोणी नसतं.

बाकी सराव. नाडीवर दहा वेळा, मग जाड तंगुसावर दहा वेळा, मग टिपेटवर. डोळे मिटून सर्जन्स लूप जमायला लागला की समजा संधिप्रकाशात, वाहत्या पाण्यातही जमेल. रॉड कुठला घ्यायचा, हे त्यानंतर बघता येईल.